परीक्षा उत्तीर्ण, तरीही नोंदणी नाही: परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची वाट नेमकी कुठे अडते?

पारिजातक

नमस्कार. माझी धाकटी बहीण डॉक्टर आहे. एका देशात वैद्यकीय पदवी आणि इंटर्नशिप पूर्ण करून तिने तिथल्याच रुग्णालयात मेडिसिन विभागात तीन वर्षे काम केले आणि लग्नानंतर ती दुसऱ्या देशात राहायला गेली. तिथे परदेशी पदवीधरांसाठी असलेल्या लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. अवघड भाग संपला, असे आम्हा सर्वांना वाटले. त्याला आता अकरा महिने झाले आणि तिची नोंदणी अजून झालेली नाही.

अडचणी एकामागून एक आल्या. पदवीच्या पडताळणीसाठी गेलेल्या पत्राला तिच्या जुन्या महाविद्यालयाने पाच महिने उत्तर दिले नाही. पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, म्हणून शपथपत्र मागण्यात आले. ते तयार होऊन पोहोचेपर्यंत जुन्या मेडिकल काउन्सिलने दिलेल्या गुड स्टँडिंग प्रमाणपत्राची (डॉक्टरची नोंदणी निर्वेध आहे, तिच्याविरुद्ध कारवाई नाही, असे सांगणाऱ्या दाखल्याची) मुदत संपली. ते नव्याने मिळवले, तोवर इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षांहून जुने झाले. आता विचारणा आली आहे की गेली दोन वर्षे रुग्णसेवेत खंड का आहे. नोंदणी नाही म्हणून तिला काम करता येत नाही आणि काम केले नाही म्हणून नोंदणी लांबते. या फेऱ्यातून बाहेर कसे पडावे हे तिला कळेनासे झाले आहे.

अर्ज विचाराधीन असल्यामुळे देशाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. शिवाय गरज पडल्यास दुसऱ्या एखाद्या देशाचा विचार करण्याची तिची तयारी आहे, त्यामुळे कोणत्याही देशातील अनुभव उपयोगी पडेल. सगळीकडे असेच असते का? कागदपत्रे कोणत्या क्रमाने मिळवायला हवी होती? आणि हा जो खंड पडला आहे, त्याचे आता काय करावे?

उत्तररात्र

आपल्या बहिणीची परिस्थिती वाचून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. मी ब्रिटनमध्ये पीएलएबी या परदेशी पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या मार्गाने नोंदणी मिळवली आणि त्यानंतर बऱ्याच कनिष्ठ सहकाऱ्यांचे अर्ज जवळून पाहिले. नापास झाल्यामुळे थांबलेल्या डॉक्टरांपेक्षा कागदांच्या मुदती एकमेकींत न बसल्यामुळे थांबलेले डॉक्टर माझ्या पाहण्यात अधिक आहेत, आणि परीक्षेच्या तयारीबद्दल जितके लिहिले जाते त्याच्या दशांशही याबद्दल लिहिले जात नाही.

ब्रिटनचे उदाहरण घेऊन सांगतो. पीएलएबीचा पहिला भाग म्हणजे तीन तासांत सोडवायचे 180 बहुपर्यायी प्रश्न. दुसरा भाग प्रात्यक्षिक असतो आणि तो मँचेस्टरलाच द्यावा लागतो. पहिला भाग उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांत दुसरा द्यावा लागतो, आणि दुसरा उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत नोंदणी मंजूर व्हावी लागते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली असेल तर एकूण 7.5 आणि प्रत्येक विभागात किमान 7 गुण लागतात, आणि सर्वसाधारणपणे हे गुणही दोनच वर्षे ग्राह्य धरतात. गुड स्टँडिंग प्रमाणपत्र मात्र केवळ तीन महिने चालते, आणि गेल्या पाच वर्षांत ज्या ज्या देशात काम केले त्या प्रत्येक देशाच्या काउन्सिलकडून ते आणावे लागते. म्हणजे एकाच अर्जात दोन वर्षांचे आणि तीन महिन्यांचे कागद एका दिवशी जिवंत असायला हवेत.

यातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा म्हणजे आपण लिहिलेली पदवीची पडताळणी. 2018 पासून ब्रिटनच्या जनरल मेडिकल काउन्सिलला परदेशी पदवीची पडताळणी ईपीआयसी या सेवेमार्फत हवी असते. ही सेवा परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणारी अमेरिकेतील ईसीएफएमजी ही संस्था चालवते आणि इतर अनेक देशांच्या काउन्सिलही तीच वापरतात. अर्जदाराने स्वतः साक्षांकित प्रत दिली तरी ती पुरेशी मानत नाहीत. प्रमाणपत्राची प्रत थेट महाविद्यालयाकडे किंवा विद्यापीठाकडे जाते आणि तिथल्या अधिकृत अधिकाऱ्याने ‘हे आमचेच आहे’ असे परस्पर कळवावे लागते. खोट्या पदव्यांचा धोका पाहता ही पद्धत योग्यच आहे. पण तिचा सगळा भार अशा एका टेबलावर जाऊन पडतो, जिथल्या कर्मचाऱ्याला हे पत्र कुठून आले आणि त्यावर कोणाचे काय अवलंबून आहे याची कल्पना नसते. उत्तर देण्याची मुदत त्या कर्मचाऱ्यावर कोणीही घातलेली नाही. सगळ्या मुदती अर्जदारावर आहेत. मला या व्यवस्थेतला खरा अन्याय इथे दिसतो.

म्हणून क्रमाबद्दल माझे मत असे आहे. पडताळणी सर्वांत आधी सुरू करावी, अगदी परीक्षेचा अभ्यास सुरू करण्याच्याही आधी, कारण एकदा झालेली पडताळणी शिळी होत नाही. त्याच वेळी सर्व कागदांवरील नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग एकमेकांशी ताडून पाहावे आणि फरक असल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र व शपथपत्र तेव्हाच तयार करून ठेवावे. ब्रिटनमध्ये इंग्रजीचे गुण पीएलएबीच्या पहिल्या भागाआधीच लागतात; पण जिथे तशी अट नसेल तिथे इंग्रजीची परीक्षा प्रात्यक्षिक परीक्षेच्या आसपास द्यावी, फार आधी देऊ नये. गुड स्टँडिंग प्रमाणपत्राचा अर्ज मात्र अगदी शेवटी, बाकीचे सर्व पूर्ण झाल्याचे लेखी दिसल्यावरच करावा. आपल्या बहिणीचा अर्ज आता पुढे सरकला असला तरी तिच्या हातातील प्रत्येक कागदापुढे त्याची अंतिम तारीख लिहून काढा आणि त्यातील सर्वांत जवळच्या तारखेपासून मागे मोजत या.

मध्यलय

उत्तररात्र यांनी कागदांबद्दल नेमके लिहिले आहे. मी दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते, कारण आपण इतर देशांचा विचार करत आहात आणि तिथे लोक हमखास फसतात. प्रश्न असा की त्या देशात नोंदणी आधी मिळते की नोकरी आधी लागते?

ब्रिटनमध्ये नोकरी हातात नसतानाही नोंदणी मिळू शकते. पहिली नोकरी मान्यताप्राप्त ठिकाणीच करावी लागते एवढेच. तिथे अडचण त्यानंतर सुरू होते, कारण गेल्या काही वर्षांत नोंदणी झालेल्या पण पहिली जागा न मिळालेल्या डॉक्टरांची संख्या वाढत गेली आहे.

ऑस्ट्रेलियात उलट आहे. तिथल्या ऑस्ट्रेलियन मेडिकल काउन्सिलची 150 प्रश्नांची संगणकीय परीक्षा आणि त्यानंतरची क्लिनिकल परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही तात्पुरत्या नोंदणीसाठी नोकरीचा प्रस्ताव आणि कोणाच्या देखरेखीखाली, कसे काम करणार याची योजना सादर करावी लागते. पूर्ण नोंदणीसाठी असे देखरेखीखालील बारा महिने पूर्ण करावे लागतात. म्हणजे रुग्णालयाला नोंदणी होऊ शकणारा डॉक्टर हवा असतो आणि नोंदणी देणाऱ्या मंडळाला नोकरी असलेला डॉक्टर. माझे स्वतःचे चौदा महिने या दोन अपेक्षांच्या मधल्या अंतरात गेले. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा किंवा न्यूझीलंड येथील ठरावीक पात्रता असणाऱ्यांसाठी वेगळा, सोपा मार्ग आहे. तो आपल्या बहिणीला लागू होतो का हे आधी तपासा, कारण त्यात या परीक्षा पुन्हा द्याव्या लागत नाहीत.

अमेरिकेत तर नोकरी, म्हणजे तिथली रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण), हाच परवान्याचा पाया आहे. यूएसएमएलई या तिथल्या परवाना परीक्षेचे टप्पे आणि ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मिळाले तरी ते केवळ रेसिडेन्सीसाठी अर्ज करण्याची पात्रता देते. परवाना प्रत्येक राज्याचे स्वतंत्र मंडळ देते आणि परदेशी पदवीधराने किती वर्षांची रेसिडेन्सी केलेली असावी याचे निकष राज्यागणिक बदलतात. रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’ या एकाच वार्षिक प्रक्रियेतून भरल्या जातात, तिचा निकाल मार्चमध्ये लागतो आणि काम सर्वसाधारणपणे 1 जुलैला सुरू होते. कागद दोन आठवडे उशिरा पोहोचला तर एक वर्ष जाते. यूएसएमएलईचा पहिला टप्पा जानेवारी 2022 पासून केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा झाला. त्यामुळे उत्तम गुण मिळवून अनोळखी महाविद्यालयाची उणीव भरून काढण्याची जी संधी परदेशी पदवीधरांना होती ती कमी झाली, असे माझे मत आहे. तिथल्या डॉक्टरांपैकी सुमारे एक चतुर्थांश परदेशात शिकलेले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा प्रश्न किती जणांचा आहे ते समजते. टेनेसी राज्याने 2023 मध्ये कायदा करून परदेशात प्रशिक्षण झालेल्या काही डॉक्टरांना तिथली रेसिडेन्सी न करता तात्पुरता परवाना मिळण्याची वाट मोकळी केली आणि त्यानंतर इतर काही राज्यांनीही तसे पाऊल उचलले. मात्र तिथेही आधी देखरेख करणारी संस्था मिळावी लागते.

जर्मनीबद्दल थोडे लिहिते, कारण तिकडे जाणारे वाढले आहेत. पूर्ण परवान्याला तिथे अप्रोबात्सिओन म्हणतात. 2012 च्या कायद्याने तो मिळण्यासाठी असलेली नागरिकत्वाची अट गेली. निर्णय सोळा राज्यांची कार्यालये घेतात. ती आधी आपला अभ्यासक्रम विषयवार तपासून जर्मन अभ्यासक्रमाशी समतुल्य आहे का ते पाहतात आणि मोठा फरक आढळल्यास ज्ञानपरीक्षा घेतात. वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा साधारण एका तासाची असते: वीस मिनिटे रुग्णाशी संवाद, वीस मिनिटे लेखन, वीस मिनिटे दुसऱ्या डॉक्टरशी चर्चा. तोवर तात्पुरत्या परवान्यावर, साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, देखरेखीखाली काम करता येते. आपण ज्या फेऱ्याबद्दल लिहिले आहे त्यातून सुटण्याची सोय या तात्पुरत्या परवान्यात आहे, आणि इतर देशांनी ती उचलावी असे मला मनापासून वाटते.

काठावरचा

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण एक दुसरी बाजू मांडतो. मी परदेशातून आलेल्या डॉक्टरांच्या पहिल्या वर्षाच्या देखरेखीचे काम करतो. पदवी खरी आहे, ज्ञान उत्तम आहे, आणि तरीही पहिल्या महिन्यात गंभीर चूक होता होता राहिली, असे मी पाहिले आहे. कारण बहुतेक वेळा ज्ञानाबाहेरचे असते. रुग्णाला निदान थेट सांगायचे की नातेवाइकांना, शस्त्रक्रियेस नकार देण्याचा त्याचा हक्क कुठवर जातो, औषधाची चूक झाली तर ती रुग्णाला स्वतःहून सांगायची की वरिष्ठांना विचारून, परिचारिकेने डॉक्टरला थांबवले तर काय करायचे, या गोष्टी देशागणिक वेगळ्या असतात आणि त्या लेखी परीक्षेत मोजता येत नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षा आणि देखरेखीखालील काळ त्यासाठी असतो. ब्रिटनची काउन्सिल नव्या डॉक्टरांसाठी याच विषयावर विनामूल्य कार्यशाळा घेते. नोंदणी झाल्यावर आपल्या बहिणीने अशी कोणतीही संधी सोडू नये.

रुग्णसेवेतील खंडाबद्दलची विचारणाही मला अनाठायी वाटत नाही. दोन वर्षे हातात स्टेथोस्कोप न घेतलेल्या डॉक्टरला रात्रपाळीत एकटे सोडणे त्या डॉक्टरसाठीही धोक्याचे असते.

उत्तररात्र

काठावरचा यांच्या पहिल्या परिच्छेदाशी मी पूर्णपणे सहमत आहे, दुसऱ्याशी अर्धवट. खंड तपासावा, जरूर तपासावा. पण तो खंड ज्या प्रक्रियेमुळे पडला, तिनेच तो अर्जदाराच्या विरुद्ध मोजावा हे मला पटत नाही. अकरा महिन्यांपैकी पाच महिने जर महाविद्यालयाच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले असतील, तर त्याची नोंद अर्जात असायला हवी आणि ती पाहूनच निर्णय व्हायला हवा. देखरेखीखालील काळ हाच जर खरा उपाय असेल, तर तो लवकर द्यावा. माणूस विसरत चालल्यावर देऊ नये.

काठावरचा

हे मान्य आहे. मी लिहिताना विलंबाचे कारण लक्षात घेतले नव्हते. खंड किती आणि का, या दोन्ही गोष्टी पाहायला हव्यात.

दीपमाळ

थोडे मागे जाऊन लिहिते, कारण हा धागा वाचणाऱ्यांत बारावीनंतर परदेशी जाण्याच्या विचारात असलेली मुले आणि त्यांचे पालकही असतील. नोंदणीचा प्रश्न पुष्कळदा पदवी मिळण्याच्या सहा वर्षे आधी, महाविद्यालय निवडण्याच्या दिवशीच निश्चित झालेला असतो.

भारतात परतून नोंदणी करू इच्छिणाऱ्यांना 2002 पासून एफएमजीई ही चाळणी परीक्षा आहे: 300 प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी 150 गुण, वर्षातून दोनदा. पण 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांनी परीक्षेआधीच्याच अटी कडक केल्या. परदेशातील अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातून हवा, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, भारतात आल्यावर पुन्हा बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि ज्या देशात पदवी घेतली तिथे डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याची पात्रता त्या देशाच्या नागरिकाप्रमाणेच असायला हवी. या शेवटच्या अटीकडे प्रवेशाच्या वेळी फार थोडे जण लक्ष देतात. केवळ परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम चालवणाऱ्या आणि त्या पदवीवर स्वतःच्या देशात काम करू न देणाऱ्या संस्थेत शिकलेला विद्यार्थी परीक्षेत कितीही हुशार असला तरी या अटीपाशी अडतो. प्रवेशाचे दलाल हे सांगत नाहीत.

दुसरी तपासणी महाविद्यालयाच्या मान्यतेची. वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशन ही संस्था महाविद्यालयांना नव्हे, तर त्यांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थांना मान्यता देते. ईसीएफएमजीने 2010 मध्ये या मान्यतेची अट जाहीर केली होती. ती प्रथम 2023 साठी होती, नंतर 2024 वर गेली, आणि आता महाविद्यालयाची मान्यतेची स्थिती ईसीएफएमजीच्या अहवालातून रेसिडेन्सी देणाऱ्यांना कळवली जाते. याशिवाय वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये महाविद्यालयाचे नाव आहे का, आणि नावाखाली कोणत्या देशाने काय टीप दिली आहे, हे प्रवेशाचे पैसे भरण्याआधी पाहावे.

आणि एक गट असा आहे ज्याला वरचा कोणताच सल्ला लागू होत नाही. युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडावा लागलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत उत्तर देणारे महाविद्यालयच उरलेले नसते, किंवा ज्या सरकारपासून पळून आले त्याच्याकडेच गुड स्टँडिंग प्रमाणपत्र मागायचे असते. शैक्षणिक पात्रतांच्या मान्यतेबद्दलच्या 1997 च्या लिस्बन करारात, कागदपत्रे पूर्ण नसली तरी निर्वासितांच्या पात्रतेचे मूल्यमापन करण्याची व्यवस्था देशांनी करावी, असे कलम आहे. कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेने त्यासाठी निर्वासितांच्या शैक्षणिक पात्रतेचा एक पासपोर्टही सुरू केला, ज्यात मुलाखत आणि उपलब्ध पुरावे यांवरून शिक्षणाची नोंद होते. पण त्याने डॉक्टर म्हणून नोंदणी मिळत नाही. तो फक्त पुढच्या दारापर्यंत नेतो. माझ्या ओळखीतील एक शल्यचिकित्सक चार वर्षे वृद्धाश्रमात सहायक म्हणून काम करत होते. त्यांच्या हातांची ती चार वर्षे परत येणार नाहीत आणि ज्या देशात शल्यचिकित्सकांची कमतरता आहे अशाच देशात ती गेली, याचे दुःख मला आजही होते.

मध्यलय

मूळ प्रश्नातील खंडाच्या मुद्द्यावर ठोस उत्तर राहिले होते, म्हणून पुन्हा लिहिते. ऑस्ट्रेलियात याचा लेखी निकष आहे: वर्षाला पूर्णवेळ चार आठवडे किंवा सलग तीन वर्षांत मिळून बारा आठवड्यांचे काम. पूर्वी किमान दोन वर्षे काम केलेल्या डॉक्टरचा खंड एक ते तीन वर्षांचा असेल, तर कामावर परतण्याआधी एका वर्षाइतके सातत्यपूर्ण वैद्यकीय शिक्षण पूर्ण करावे लागते. तीन वर्षांहून अधिक असेल तर पुनःप्रवेशाची योजना मंजूर करून घ्यावी लागते. आपल्या बहिणीच्या देशाचा निकष वेगळा असेल, पण तो शोधून त्याच्याच भाषेत उत्तर देणे हिताचे ठरेल.

ऑब्झर्व्हरशिप म्हणजे केवळ निरीक्षण; ते बहुतेक ठिकाणी रुग्णसेवा म्हणून धरले जात नाही. ओळखीपाळखी आणि शिफारसपत्र यांसाठी ते चांगले, खंड भरून काढण्यासाठी नाही. शक्य असेल तर जुन्या देशात, जिथे तिची नोंदणी अजून चालू आहे, तिथे दोन-तीन महिने रुग्णालयात काम करणे हा सर्वांत भक्कम मार्ग आहे. त्यासाठी ती जुनी नोंदणी नूतनीकरणाअभावी रद्द झालेली नाही ना, हे आज पाहा. नव्या देशाची घाई करताना जुनी नोंदणी संपू दिल्यामुळे दोन्हीकडून अडकलेले डॉक्टर मला माहीत आहेत.

पारिजातक

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री बहिणीबरोबर बसून प्रत्येक कागदाची तारीख लिहून काढली. जुन्या नोंदणीचे नूतनीकरण येत्या सात आठवड्यांत करायचे आहे, हे आमच्या दोघींच्याही लक्षात नव्हते. तो अर्ज आज सकाळी भरला. महाविद्यालयाला पाठवलेल्या पाचही स्मरणपत्रांच्या प्रती तारखांसह जोडून, खंड कशामुळे पडला याचे दोन पानी निवेदन ती तयार करत आहे आणि त्यात गेल्या दोन वर्षांत पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची यादी देणार आहे. तिच्या जुन्या विभागप्रमुखांशीही बोलणे झाले. पुढच्या महिन्यापासून दहा आठवडे विभागात कामावर घेण्याची त्यांची तयारी आहे. इंग्रजीची परीक्षा तिथून परतल्यावर, आणि गुड स्टँडिंगचा अर्ज त्यानंतर. काउन्सिलचे उत्तर आले की इथेच कळवेन.